मधाचे मार्शमॅलो

एखाद्या पदार्थास एका वनस्पतीचें नांव असावें आणि त्या वनस्पतीचा त्या पदार्थांत लवलेशहि नसावा, हा प्रकार चमत्कारिक वाटतो खरा. परंतु पाश्चात्य देशांतील मुलांचा आवडता खाऊ जो मार्शमॅलो, त्याची स्थिति नेमकी अशीच आहे. हल्लीं आपल्या इकडील मोठ्या शहरांच्या दुकानांतूनहि हा पांढरा, कापसासारखा मऊ खाऊ विकत मिळतो, आणि पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तो चाखलाहि असेल. तो कशाचा होतो, इतका मऊ कां असतो, आणि साखरेऐवजीं मध घालून तो घरच्या घरीं कसा करतां येतो, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. त्याबरोबरच, आपण जो पदार्थ दुसऱ्याच्या हातावर ठेवतों त्यांत काय काय आहे हें जाणून घेणें हें करणाऱ्याचें पहिलें कर्तव्य होय, ही गोष्टहि वाचकांच्या ध्यानांत यावी अशी इच्छा आहे.

नांवाची हकीकत

मार्शमॅलो हें मूळ एका झुडपाचें नांव. इंग्रजींत ‘मार्श’ म्हणजे दलदल. युरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका या प्रदेशांत ओलसर जागीं, विशेषतः समुद्राजवळील दलदलीच्या कांठीं, हें झुडूप उगवतें. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यास अल्थिया ऑफिसिनॅलिस असें म्हणतात. अल्थिया हा शब्द ‘बरें करणें’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून निघाला आहे. यावरून औषधी म्हणून त्याची ख्याति किती जुनी आहे हें कळून येतें. इसवी सनापूर्वीं चौथ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक पंडित थिओफ्रास्टस यानें आपल्या वनस्पतिविषयक ग्रंथांत याचा उल्लेख केला आहे. आपल्या देशांत युनानी हकीम ‘खतमी’ या नांवानें जें औषध देतात, तें याच झुडपाचें.

हें झुडूप आपल्या इकडे परकें असलें, तरी त्याचे भाऊबंद आपल्या परसांत व शेतांत आहेत. भेंडी, अंबाडी, जास्वंद व कापूस हीं सर्व त्याच कुळांतील होत. भेंडी चिरतांना बोटांस जो बुळबुळीत रस लागतो, तशाच जातीचा रस मार्शमॅलोच्या मुळांत पुष्कळ असतो, आणि तो खवखवणाऱ्या घशास आराम देतो. महाराष्ट्रांतील गुऱ्हाळांत उसाचा रस कढत असतां भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यांत घालून मळी वर आणण्याची व ती काढून टाकण्याची रीति आहे. तेव्हां या कुळांतील चिकट रसाचा गोड पदार्थांशीं असलेला संबंध आपल्यासहि अगदींच नवा नाहीं.

एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील हलवाई या मुळांचा रस, साखर, डिंक व अंड्यांतील पांढरा भाग यांपासून एक मऊ मिठाई करीत. पुढें मुळांचा रस काढण्याचा खटाटोप टाळण्याकडे कल झाला, आणि चिकटपणासाठीं डिंक व जिलेटीन यांवरच काम भागूं लागलें. अशा रीतीनें वनस्पति गेली, तिचें नांव मात्र मागें राहिलें. औषध होतें तें निव्वळ खाऊ बनलें. अमेरिकेंत तर शेकोटीभोंवतीं बसून काठीच्या टोंकास मार्शमॅलो लावून भाजण्याची प्रथाच पडली. इ. स. १९२७ मध्यें तेथील बालवीर मुलींच्या संस्थेनें काढलेल्या एका पुस्तकांत भाजलेला मार्शमॅलो व चॉकलेट दोन गोड बिस्किटांमध्यें दाबून खाण्याची कृति दिलेली आहे.

गोड फेस उभा कसा राहतो?

मार्शमॅलो म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून गोठविलेला गोड फेस होय. त्याचे घटक तीन : पाक, जिलेटीन व हवा. साबणाचा फेस आपण रोज पाहतों. त्याच्या बुडबुड्यांमधील पाणी खालीं निथळतें आणि थोड्याच वेळांत फेस नाहींसा होतो. मार्शमॅलोंतील फेस मात्र कित्येक दिवस टिकतो. कारण तेथें बुडबुड्यांच्या भिंती नुसत्या पाण्याच्या नसून घट्ट पाक व जिलेटीन यांच्या असतात.

जिलेटीन हें जनावरांचीं कातडीं व हाडें यांपासून काढतात. त्यांत असलेलें कोलॅजन नांवाचें प्रथिन दीर्घकाल उष्ण पाण्यांत ठेविलें असतां त्याचे सुटे लांब धागे होतात, तेंच जिलेटीन. तें थंड पाण्यांत फुगतें, उष्ण पाण्यांत विरघळतें आणि पुन्हां थंड झालें म्हणजे त्याच्या धाग्यांचें जाळें बनून सर्व द्रव त्यांत अडकून पडतो. हें जाळें सुमारें ३० ते ३५ अंश सेंटिग्रेड उष्णतेस सुटूं लागतें, आणि आपल्या शरीराची उष्णता तर ३७ अंश असते. मार्शमॅलो जिभेवर ठेवतांच विरघळतो याचें रहस्य एवढेंच आहे. उन्हाळ्यांत तो डब्यांतहि कां सैल पडतो, हेंहि यावरून समजेल.

आतां मधाकडे वळूं. साखरेचा पाक फार आटविला व ढवळला, तर त्यांत पुन्हां साखरेचे कण धरतात, हें घरांतील प्रत्येक सुगरणीस ठाऊक आहे. म्हणूनच पाकांत लिंबाचे चार थेंब पिळण्याची चाल पडली. लिंबाच्या आंबटपणानें साखरेच्या कांहीं भागाचें विघटन होऊन त्यापासून ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन निराळ्या शर्करा होतात. आणि निरनिराळ्या शर्करांची अशी भेसळ झाली म्हणजे कणांस सहज एकत्र येतां येत नाहीं. जें काम आपण लिंबाकडून करवितों, तें मधमाशीनें आधींच केलेलें असतें. फुलांतील मकरंदांत जी साखर असते, तिचें ती आपल्या पाचक रसानें याच दोन शर्करांत रूपांतर करते. यामुळें मधाचा मार्शमॅलो कणीदार न होतां गुळगुळीत राहतो. मात्र फ्रुक्टोज हवेंतील ओलावा झपाट्यानें शोषून घेते. म्हणून मधाचा मार्शमॅलो साखरेच्या मार्शमॅलोपेक्षां अधिक चिकट असतो, आणि पावसाळ्यांत तो करण्यास बसूं नये हें बरें. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा कोरडा व थंड काळ यास उत्तम.

साहित्य

मध ३४० ग्रॅम. पाणी २४० मिलिलिटर, त्याचे दोन समान भाग करावे. वास नसलेली जिलेटिनची पूड २१ ग्रॅम, म्हणजे सुमारें तीन सपाट मोठे चमचे. मीठ पाव लहान चमचा. दोन-तीन वेलदोड्यांची वस्त्रगाळ पूड, किंवा व्हॅनिलाचा अर्क एक लहान चमचा. वरून भुरभुरण्यास आरारूट किंवा कॉर्नफ्लॉवर अर्धी वाटी. हें मंद आंचेवर कोरडेंच थोडें भाजून थंड करून ठेवावें.

मध कोणताहि चालेल. परंतु ज्याचा वास सौम्य आहे तो बरा. महाबळेश्वरच्या रानांत जांभळाचा मध पुष्कळ होतो. त्याची किंचित् तुरट चव ज्यांस आवडते, त्यांनीं तो अवश्य वापरावा. त्याच तालुक्यांतील मांघर हें गांव इ. स. २०२२ मध्यें ‘मधाचें गांव’ म्हणून जाहीर झालें आहे. आपल्या इकडील सातेरी मधमाशांच्या मधांत पाण्याचा अंश थोडा अधिक असतो; तेव्हां त्याचा पाक होण्यास दोन-तीन मिनिटें अधिक लागलीं, तर घाबरूं नये.

कृति

प्रथम एका मोठ्या खोल भांड्यांत पाण्याचा एक भाग घालून त्यावर जिलेटिनची पूड सर्वत्र सारखी भुरभुरावी व दहा मिनिटें तशीच राहूं द्यावी. ती पाणी पिऊन फुगेल. सर्व पूड एके ठिकाणीं टाकल्यास आंत कोरड्या गांठी राहतात. वीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या उभ्या कांठाच्या ट्रेस आंतून तेलाचा हात फिरवून त्यावर भाजलेलें आरारूट भुरभुरून ठेवावें.

नंतर जाड बुडाच्या पातेल्यांत मध, पाण्याचा दुसरा भाग व मीठ हीं एकत्र करून मध्यम आंचेवर ठेवावीं. मध उकळूं लागला म्हणजे भराभर वर चढतो. म्हणून पातेलें जिनसाच्या निदान चौपट मोठें असावें. पाकाचा उष्णतामापक त्यांत धरून पारा ११५ अंश सेंटिग्रेडवर जातांच पातेलें खालीं उतरावें. यास सुमारें दहा मिनिटें लागतात.

येथें शंका येईल कीं, पाणी तर १०० अंशांवर उकळतें, मग पाक त्याच्या वर कसा चढतो? याचें उत्तर असें कीं, पाण्यांत शर्करा जितकी दाट तितकें तें उशिरां उकळतें. पाण्याची वाफ होऊन पाक जसजसा आटत जातो, तसतसा त्याचा उकळण्याचा अंश वर सरकतो. अर्थात् उष्णता मोजणें म्हणजे पाकांत पाणी किती उरलें आहे हें मोजणेंच होय. समुद्रकांठीं ११५ अंशांवर पाकांत शर्करेचा भाग शेंकडा ८५ च्या जवळपास असतो. परंतु जे वाचक उंच ठिकाणीं राहतात, त्यांनीं यांत फरक करावा. दर ३०० मीटर चढास पाणी सुमारें एक अंश आधीं उकळतें. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे. तेथें पाणी साडेपंचाण्णव अंशांच्या आसपासच उकळूं लागतें. म्हणून आधीं साधें पाणी उकळून त्यांत पारा कोठें उभा राहतो तें पाहावें, आणि त्यांत १५ मिळवून जो आंकडा येईल तेथें पाक उतरावा. हा नियम कोणत्याहि गांवीं चुकणार नाहीं.

उष्णतामापक नसल्यास आपल्या आजीबाईंची परीक्षा आहेच. थंड पाण्याच्या वाटींत पाकाचा थेंब टाकून तो बोटांनीं गोळा करावा. मऊ गोळी झाली, पण बाहेर काढतांच ती चपटी होऊं लागली, म्हणजे पाक झाला. चिक्कीसाठीं लागतो तसा कडक गोळीबंद पाक होऊं देऊं नये.

आतां विजेवर चालणारा बीटर फुगलेल्या जिलेटिनांत मंद गतीनें सुरू करून गरम पाक बारीक धारेनें, भांड्याच्या कडेनें ओतावा. सर्व पाक आंत गेल्यावर गति वाढवावी व दहा ते पंधरा मिनिटें एकसारखें फेटावें. मिश्रणाचा तपकिरी रंग हळूहळू फिका होत सायीसारखा होतो, आणि तें पुष्कळच फुगून दाट व चकचकीत दिसूं लागतें. भांडें बाहेरून कोमट लागलें व बीटर उचलतांच मिश्रणाची जाड फीत सावकाश खालीं पडूं लागली, म्हणजे वेलदोड्याची पूड घालून आणखी अर्धें मिनिट फेटावें. हातानें फेटावयाचें झाल्यास दोघांतिघांनीं पाळी लावून घ्यावी; एकट्याचा हात टिकणार नाहीं.

मिश्रण तत्काळ ट्रेमध्यें ओतून तेल लावलेल्या चमच्यानें सारखें करावें. वर आरारूट भुरभुरून तें चार ते सहा तास, किंवा रात्रभर, कोरड्या जागीं ठेवावें. नंतर तेल लावलेल्या सुरीनें चौकोनी वड्या पाडाव्या, प्रत्येक वडी सर्व बाजूंनीं आरारुटांत घोळवावी, आणि जास्तीचें पीठ चाळणींत हलवून काढून टाकावें. घट्ट झांकणाच्या डब्यांत या वड्या एक आठवडा चांगल्या राहतात.

या कृतींत एक धोका आहे, तो स्पष्ट सांगणें अवश्य आहे. ११५ अंशांचा पाक उकळत्या पाण्याहून अधिक तापलेला असतो, शिवाय तो कातडीस चिकटून राहतो; त्यामुळें त्याचा चटका फार खोल बसतो. पाक उतरणें व ओतणें हीं कामें वडील माणसांनींच करावीं. चुकून अंगावर थेंब पडलाच, तर ती जागा लगेच नळाच्या थंड वाहत्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावी. बर्फ, तेल किंवा दांत घासण्याची पेस्ट लावूं नये. भाजलेली जागा मोठी असल्यास डॉक्टरांस दाखवावें. तसेंच, चवीसाठीं ताज्या अननसाचा किंवा पपईचा रस घालण्याचा मोह होईल, तो आवरावा. या फळांत प्रथिनें तोडणारीं द्रव्यें असतात. तीं जिलेटिनाचें जाळेंच तोडून टाकतात व मिश्रण कधींच घट्ट होत नाहीं.

खाण्यापूर्वीं एक प्रयोग

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं एक वडी पाण्यांत टाकून पाहावी. ती तरंगेल, कारण तिचा मोठा भाग हवेचाच आहे. दुसऱ्या वडीचा लहानसा तुकडा सुई नसलेल्या मोठ्या, स्वच्छ व नव्या पिचकारींत घालावा. पिचकारीचें तोंड बोटानें घट्ट दाबून दट्ट्या बाहेर ओढला, कीं तुकडा फुगूं लागतो. दट्ट्या आंत दाबला, कीं तो आकसतो. दाब कमी झाला म्हणजे वायूचें आकारमान वाढतें, व दाब वाढला म्हणजे तें घटतें, असा जो नियम रॉबर्ट बॉइल यानें इ. स. १६६२ मध्यें प्रसिद्ध केला, तोच येथें डोळ्यांस प्रत्यक्ष दिसतो. वर्गांत पाठ केलेलें सूत्र असें हातांत आलें म्हणजे तें सहसा विसरत नाहीं.

कोणास द्यावा, कोणास देऊं नये

खाऊ तयार झाला. आतां तो वाटण्याची वेळ आली. येथेंच करणाऱ्याची खरी जबाबदारी सुरू होते.

पहिली गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एक वर्षाच्या आंतील बालकास मध किंवा मधाचा कोणताहि पदार्थ देऊं नये. मधांत कधींकधीं क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नांवाच्या जंतूंचीं बीजें असतात. मोठ्या माणसांच्या पोटांत तीं सहसा कांहीं अपाय करीत नाहींत. परंतु तान्ह्या मुलाच्या आंतड्यांत तीं रुजूं शकतात व तेथें स्नायूंस लुळें करणारें विष उत्पन्न करतात. मुलाचा शौच अडतो, रडणें क्षीण होतें, दूध ओढण्याची शक्ति राहत नाहीं, मान व अंग सैल पडतें, आणि उपचार वेळेवर न झाल्यास श्वासहि बंद पडूं शकतो. तान्ह्या मुलांचा हा रोग प्रथम इ. स. १९७६ मध्यें अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत ओळखला गेला. हीं बीजें इतकीं चिवट असतात कीं, त्यांच्या निश्चित नाशास दाबाखालील १२१ अंशांची वाफ लागते. आपल्या पाकाच्या उष्णतेवर विश्वास ठेवून चालणार नाहीं. आपल्या कित्येक घरांत नवजात बालकास मध चाटविण्याची चाल आहे. ती प्रेमापोटींच पडली यांत संशय नाहीं. परंतु ज्या काळीं ती पडली त्या काळीं हें ज्ञान कोणासहि नव्हतें. आज तें आहे, आणि म्हणून ती चाल सोडणें हेंच प्रेमाचें लक्षण होय. ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं तान्हें भावंड आहे, त्यांनीं हा मजकूर घरांतील वडील मंडळींस अवश्य वाचून दाखवावा.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. चार वर्षांखालील मुलांस मऊ व चिकट गोळा घशांत अडकण्याची भीति असते. त्यांस अख्खी वडी देऊंच नये. थोड्या मोठ्या मुलांनींहि बसून, हंसत-खेळत न धांवतां, सावकाश चावून खावी.

तिसरी गोष्ट जिलेटिनाची. तें प्राणिजन्य आहे. शाकाहारी कुटुंबांत तें चालणार नाहीं. शिवाय बाजारांत मिळणारें जिलेटीन गाईचें, डुकराचें किंवा माशाचें असूं शकतें, आणि निरनिराळ्या धर्मांच्या मंडळींचा त्यांपैकीं कशास ना कशास निषेध असतो. तेव्हां पुडी विकत घेतांनाच तिच्यावरील मजकूर वाचावा. समुद्रांतील शेवाळापासून होणारा चायना ग्रास शाकाहारी आहे. पण तो सुमारें ८५ अंशांपर्यंत वितळत नाहीं, म्हणून तोंडांतहि विरघळत नाहीं, व एकट्यानें त्याचा फेसहि टिकत नाहीं. काबुली चणे उकडल्यावर उरणारें दाट पाणी फेटलें असतां अंड्याच्या पांढऱ्या भागासारखें फुगतें, हें इ. स. २०१४ मध्यें फ्रान्समधील एका पाककुशल गृहस्थानें दाखवून दिलें. त्याची चायना ग्रासशीं जोड देऊन कित्येक जण शाकाहारी मार्शमॅलो करूं लागले आहेत. त्याचा पोत निराळा असतो, पण तो सर्वांस खातां येतो.

चौथी गोष्ट मधाच्या गुणांविषयीं. मध तापवूं नये असें आयुर्वेदांत सांगितलें आहे, आणि ज्या घरीं हा नियम पाळतात तेथें आग्रह न करतां साखरेच्या पाकाचा मार्शमॅलो करावा. तापविल्यानें मधांतील पाचक द्रव्यें नष्ट होतात व सुगंधहि उणावतो, हें आधुनिक शास्त्रहि सांगतें. म्हणून मधाचा मार्शमॅलो म्हणजे औषध असा समज कोणीं करून घेऊं नये. मधाचे शंभरांतील सुमारें ऐंशी भाग शर्कराच असतात. मधुमेह्यांस तो साखरेइतकाच वर्ज्य समजावा, आणि इतरांनींहि खाऊनंतर चूळ भरण्यास विसरूं नये.

असो. एवढे सर्व विधिनिषेध वाचून कोणी कंटाळेल व म्हणेल, एका वडीसाठीं केवढा हा प्रपंच! त्यास एक सोपा उपाय आहे. डबा भरून झाल्यावर त्याच्या झांकणावर एक चिठ्ठी चिकटवावी, आणि तींत मोठ्या अक्षरांत लिहावें : ‘मध, पाणी, जिलेटीन, मीठ, वेलदोडा, आरारूट. एक वर्षाखालील मुलास देऊं नये.’ जिलेटीन कोणत्या प्राण्याचें, तेंहि ठाऊक असल्यास लिहावें. चिठ्ठी लिहिण्यास दोन मिनिटें लागतात. मग तो डबा वसतिगृहांत फिरो, शेजारीं जावो, कीं प्रवासांत सोबत असो. ज्यास खावयाचा आहे तो निश्चिंतपणें खाईल, आणि ज्यास वर्ज्य आहे तो संकोच न वाटतां बाजूस ठेवील.